फॅरडे विषयाबाहेर नव्हता: वादविवाद स्पर्धेच्या समितीस खुले पत्र

प्रति,
संयोजन समिती आणि परीक्षक मंडळ,
विज्ञान दिनाची आंतरशालेय वादविवाद स्पर्धा,
बेळगाव

सप्रेम नमस्कार.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तुमच्या सभागृहात मी तिसऱ्या रांगेत बसले होते. निकालानंतर दोन दिवसांनी कार्यालयात पत्र नेऊन दिलं. पंधरा दिवस वाट बघून दुसरं दिलं. त्याला एका ओळीचं उत्तर आलं: ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.’ म्हणून हे तिसरं पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. संस्थेचं, परीक्षकांचं, मुलांचं नाव यात कुठंही येणार नाही. समितीतल्या दोघांना मी आठवीत शिकवलंय, तुमच्याविषयी मनात अढी नाही. निर्णय मात्र मला पटलेला नाही, आणि गप्प बसणं मला जमणार नाही.

जे हजर नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. विषय होता ‘सर्वश्रेष्ठ भौतिकशास्त्रज्ञ कोण: न्यूटन की आइनस्टाईन?’ नऊ शाळांची मुलं बोलली. शेवटी सभागृहात टाळ्या घेतल्या, आइनस्टाईनच्या नावाला जास्त पडल्या. त्याच संध्याकाळी तुम्ही जाहीर केलंत, की वाचनालयाच्या नव्या विज्ञान दालनात आइनस्टाईनचं मोठं चित्र लागेल आणि त्याखाली ‘जगातील सर्वश्रेष्ठ भौतिकशास्त्रज्ञ’ अशी संगमरवरी पाटी बसेल. आमच्या शाळेची नववीतली एक मुलगी मात्र तिसऱ्याच माणसाविषयी बोलायला उभी राहिली होती, मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाविषयी. तिला मध्येच थांबवण्यात आलं. तिच्या गुणपत्रकात ‘विषयनिष्ठा’ या रकान्यात पंधरापैकी शून्य आहे, शेरा ‘विषयाबाहेर’. ‘भाषा’ या रकान्यात पंधरापैकी चार, शेरा ‘ग्रामीण बोली’.

हे दोन शेरे माझ्या डोक्यातून जात नाहीत.

मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. भात, ऊस आणि रताळ्यांचा हा पट्टा. दहावीपर्यंत आमची मुलं बल, वेग, त्वरण, विद्युतधारा हे शब्द मराठीत शिकतात, वर्गात हात वर करून प्रश्न विचारतात. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं की पहिल्याच तासाला सगळं इंग्रजीत सुरू होतं आणि तीच मुलं मागच्या बाकावर जाऊन बसतात. माझ्या वर्गात सतत ‘बाई, असं का?’ विचारणारा एक मुलगा पीयूसीच्या दिवाळीत घरी आला आणि म्हणाला, ‘बाई, मला समजतंय, पण मला समजलंय हे सरांना सांगता येईना.’ त्यानं सायन्स सोडलं. तेव्हापासून मला एक पक्कं वाटतं, की सीमाभागातल्या पोराला भौतिकशास्त्रावर आपल्या भाषेत चार माणसांपुढे बोलायला मिळालं पाहिजे, पुन्हा पुन्हा मिळालं पाहिजे. तुमच्या स्पर्धेत ते मिळायचं. म्हणून दर वर्षी मी मुलं तयार करून आणत होते, निवृत्तीनंतरही आणत राहिले. माझी तक्रार बाहेरच्या माणसाची नाही.

आता त्या मुलीचं.

तिच्या वडिलांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. उन्हाळा लागला की विहिरीवरच्या, बोअरवरच्या मोटरी जळायला लागतात आणि दुकानासमोर रांग लागते. जळक्या वार्निशचा वास रस्त्यापर्यंत येतो. काळी पडलेली कॉईल कापून काढायची, वेढे मोजायचे, त्याच गेजची, म्हणजे त्याच जाडीची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश द्यायचं, वाळवायचं. वेढे मोजायचं काम सुट्टीत ही मुलगी करते. मोटरीचा बाहेरचा स्थिर भाग म्हणजे स्टेटर, आत फिरतो तो रोटर. एकदा तिनं वडिलांना विचारलं, ‘पप्पा, स्टेटरला तार हाय, रोटरला तर कुठनं बी तार जोडलेली नाही. मग त्यो फिरतो कसा?’ वडिलांना काम येतं, उत्तर येत नव्हतं. ते तिला घेऊन माझ्याकडे आले.

त्या प्रश्नाचं उत्तर फॅरडेपाशी आहे. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यानं एका लोखंडी कड्यावर तारेच्या दोन कॉईल गुंडाळल्या. एकीतली वीज चालू किंवा बंद केली की त्या क्षणी दुसरीत वीज उपजत होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यानं कॉईलमध्ये नुसतं चुंबक आत-बाहेर करून वीज काढून दाखवली. चुंबकीय क्षेत्र बदलतं तेव्हा तारेत वीज निर्माण होते. पंपाच्या मोटरीत स्टेटरचं फिरतं चुंबकीय क्षेत्र रोटरमध्ये अशीच वीज उपजवतं आणि रोटर फिरू लागतो, त्याला तार जोडावी लागत नाही. गोकाकच्या धबधब्याजवळचं वीजघर चालतं तेही याच नियमावर, फक्त तिथं फिरवायचं काम पाणी करतं.

मुलीनं दोन महिने तयारी केली. फॅरडे लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम झालेली, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून काढत होता, हे कळल्यावर तिला किती आनंद झाला ते मी पाहिलंय. १८१२ साली त्यानं रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकली, टिपणं स्वच्छ लिहून, स्वतः बांधून डेव्हीला पाठवली आणि पुढच्या वर्षी त्याला प्रयोगशाळेत मदतनिसाची नोकरी मिळाली. गणित त्याला फारसं येत नव्हतं. चुंबकाभोवती लोहकिसाच्या ज्या रेषा उमटतात, त्या त्याला मोकळ्या जागेतही दिसायच्या. विश्वाकडे बघण्याची ही रीतच नवी होती.

स्पर्धेच्या दिवशी तिनं पिशवीतून वडिलांच्या दुकानात गुंडाळलेली कॉईल काढली, शाळेतून मागून आणलेला गॅल्व्हानोमीटर, म्हणजे बारीकशी वीजही काट्यानं दाखवणारं यंत्र, काढला, एक पट्टी-चुंबक काढलं. म्हणाली, ‘मी जास्त बोलत नाही. हे बघा की.’ चुंबक आत घातलं, काटा उजवीकडे उडाला. बाहेर काढलं, डावीकडे. चुंबक कॉईलमध्येच धरून ठेवलं, काटा शून्यावर. ‘थांबलं की काय बी नाही. हललं तरच वीज.’ मग तिनं चुंबक टेबलावर उभं धरलं आणि कॉईल उचलून त्याच्यावर खालीवर केली. काटा तसाच उडाला. ‘आता चुंबक हललं नाही, कॉईल हलली. तरी बी तेवढंच. असं का, ते मला सांगायचं हाय.’

इथं घंटा वाजली. वेळ संपली म्हणून नव्हे, चार मिनिटं बाकी होती. व्यासपीठावरून सांगण्यात आलं, की विषय न्यूटन आणि आइनस्टाईन आहे, फॅरडे नाही, आणि वादविवादात साहित्य आणायचं नसतं. तिनं कॉईल पिशवीत घातली आणि खाली येऊन बसली.

परीक्षक महोदय, ती पुढे काय सांगणार होती ते आता मी सांगते, कारण मला ते माहीत आहे.

१९०५ साली आइनस्टाईन बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरीला होता, वय सव्वीस. त्या वर्षी त्यानं सापेक्षतेचा जो शोधनिबंध लिहिला, त्याचं शीर्षक आहे ‘गतिमान वस्तूंच्या विद्युतगतिकीविषयी’. त्याच्या पहिल्याच परिच्छेदात काय आहे? एक चुंबक आणि एक तार. आइनस्टाईन म्हणतो, चुंबक हलवा आणि तार स्थिर ठेवा, किंवा चुंबक स्थिर ठेवा आणि तार हलवा, वीज तेवढीच मिळते. जे दिसतं ते फक्त एकमेकांच्या सापेक्ष गतीवर ठरतं. तरी तेव्हाचा सिद्धांत या दोन प्रसंगांची कारणं वेगवेगळी सांगायचा. निसर्ग दोन्हीकडे सारखा वागतो, मग स्पष्टीकरणं दोन का? ‘स्थिर’ कोण आणि ‘चालता’ कोण हे ठरवण्याचा हट्टच त्यानं सोडून दिला, आणि तिथून सापेक्षता सुरू झाली.

नववीतली मुलगी हेच करून दाखवत होती. आधी चुंबक हलवलं, मग कॉईल. ‘तरी बी तेवढंच. असं का?’ त्या दिवशी नऊ शाळांतून आलेल्या मुलांपैकी आइनस्टाईनच्या निबंधाच्या सगळ्यात जवळ तीच पोचली होती. तिला ‘विषयनिष्ठा शून्य’ देणं ही माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार आहे.

दुसरी तक्रार विषयाच्या रचनेविषयी. सर्वश्रेष्ठ कोण, हा वाद मुलांनी घालावा, जरूर घालावा. मी स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं घातलाय. पण दोनच नावं आधी ठरवून दिलीत, तर मुलं वाद घालत नाहीत, बाजू घेतात. ‘श्रेष्ठ’ म्हणजे कशात, हे विषयात कुठंच नव्हतं. कुणाच्या एका डोक्यातून जास्तीत जास्त निघालं ते बघायचं, की कुणामुळे आधीच्या लोकांचा समज मुळातून बदलला ते? की कुणाच्या कामावर आज आपलं घर चालतं ते? प्रश्न बदलला की नाव बदलतं. १९९९ साली ‘फिजिक्स वर्ल्ड’ मासिकानं जगभरच्या भौतिकशास्त्रज्ञांना विचारलं, तेव्हा आइनस्टाईन पहिला आला, न्यूटन दुसरा, आणि वीज-चुंबकत्वाचं गणित मांडणारा मॅक्सवेल तिसरा. २००५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीनं विचारलं, की विज्ञानात या दोघांपैकी कुणाची भर मोठी, तेव्हा शास्त्रज्ञांनी आणि लोकांनीही न्यूटनला पुढे ठेवलं. रशियाचा लेव्ह लांदाऊ भौतिकशास्त्रज्ञांना मोजपट्टी लावायचा, आकडा जितका लहान तितका माणूस मोठा: न्यूटन शून्य, आइनस्टाईन अर्धा, स्वतःला त्यानं आधी अडीच दिलं आणि पुढे दोनवर आणलं. इतकी मोठी माणसं यावर एकमतानं बोलत नाहीत. आपण टाळ्यांवर कसं ठरवलं? ज्या शाळा मुलांच्या दोन-दोन गाड्या भरून आल्या होत्या त्यांच्या टाळ्या जास्त, आणि आमच्या शाळेची सात मुलं सकाळच्या बसनं उभ्यानं आली होती.

तिसरी तक्रार लिहिताना मला वाईट वाटतं, कारण ती चुकीच्या माहितीची आहे आणि व्यासपीठावरून त्यातलं काहीच दुरुस्त केलं गेलं नाही. पहिल्या क्रमांकाच्या भाषणात होतं, की आइनस्टाईन शाळेत गणितात नापास झाला. हे खरं नाही. १८९६ सालच्या, स्वित्झर्लंडमधल्या आराऊच्या शाळेच्या प्रमाणपत्रावर त्याला बीजगणितात आणि भूमितीत सहापैकी सहा आहेत. दुसऱ्या भाषणात होतं, की सापेक्षतेसाठी त्याला नोबेल मिळालं. १९२१ सालचं त्याचं नोबेल प्रकाशविद्युत परिणामाच्या, म्हणजे प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात त्याच्या, नियमासाठी आहे. यात मुलांचा दोष नाही, कुणीतरी भाषण लिहून दिलं आणि त्यांनी पाठ केलं. पण समारोपात परीक्षकांपैकी एक जण म्हणाले, ‘आइनस्टाईननं न्यूटनला खोटं पाडलं.’ तीनशे मुलांनी ते ऐकलं.

न्यूटन खोटा पडलेला नाही. येळ्ळूरच्या राजहंसगडावरून दगड सोडला तर पहिल्या सेकंदात तो सुमारे ४.९ मीटर पडतो. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या साधारण साठपट लांब आहे. साठाचा वर्ग ३६००. ४.९ मीटरला ३६०० नी भागा, सुमारे १.४ मिलिमीटर येतात. चंद्र आपल्या सरळ वाटेवरून दर सेकंदाला पृथ्वीकडे तेवढाच वळतो. गडावरचा दगड आणि आकाशातला चंद्र एकाच नियमानं पडतात, हे माणसाला पहिल्यांदा आकड्यांनिशी दाखवलं ते न्यूटननं, १६८७ साली छापलेल्या ‘प्रिन्सिपिया’त. चांद्रयान-३ नं २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर पाय ठेवला, त्याच्या वाटेचं गणितही मुळात न्यूटनचंच. आइनस्टाईन लागतो तो जिथं वेग प्रचंड, गुरुत्वाकर्षण तीव्र किंवा मोजमाप फार बारीक असतं तिथं. बुधाची कक्षा हळूहळू फिरते, त्यातला शंभर वर्षांत ४३ विकलांचा (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) फरक न्यूटनच्या गणितात बसत नव्हता. १९१५ साली आइनस्टाईनच्या व्यापक सापेक्षतेनं तो नेमका बसवला. मोबाईलवरच्या नकाशासाठी वर फिरणाऱ्या उपग्रहांची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ते सुधारलं नाही तर नकाशा दिवसाकाठी किलोमीटरांनी चुकेल. हे सगळं नववीच्या मुलांना मराठीत सांगता येतं. मी सांगत आले आहे. ‘खोटं पाडलं’ या दोन शब्दांत ते उडवून लावायला नको होतं.

चौथी तक्रार भाषेची, आणि ती मला सगळ्यात जास्त लागली.

‘ग्रामीण बोली’ म्हणून अकरा गुण कापले. ‘बी’, ‘हाय’, ‘की’ यांच्यासाठीच कापले असणार, दुसरं काही नव्हतं. आपण सगळे घरात असंच बोलतो. बेळगावच्या मराठीत कानडीचा सूर आहे, कोकणीचा आहे, आणि तो आपला आहे. सीमेवर राहून मराठी टिकवायची, मराठी शाळा टिकवायच्या म्हणून आपण भाषणं करतो, आणि ती मराठी बोलणारी पोर उभी राहिली की तिचे गुण कापतो! तिनं एकही चुकीचं वाक्य उच्चारलं नाही. ‘हललं तरच वीज’ यापेक्षा फॅरडेचा नियम सोपा करून कुणी सांगत असेल तर मला त्याला भेटायचं आहे.

आणि विषय भौतिकशास्त्राचा होता म्हणून आठवण करून देते. गॅलिलिओनं विश्वरचनेवरचा आपला संवादरूप ग्रंथ १६३२ साली छापला तो विद्वानांच्या लॅटिनमध्ये नव्हे, बाजारात बोलल्या जाणाऱ्या इटालियनमध्ये. चुंबकाभोवती फॅरडेला दिसणाऱ्या त्या रेषांना, बलरेषांना, मॅक्सवेलनं गणिताचं रूप दिलं, तेव्हा १८५७ साली म्हाताऱ्या फॅरडेनं तरुण मॅक्सवेलला पत्र लिहून विचारलं होतं, की गणिती लोक आपले निष्कर्ष साध्या बोलीतही तितक्याच स्पष्टपणे सांगू शकणार नाहीत का? म्हणजे आमच्यासारख्यांना ते घेऊन प्रयोग करता येतील. आपल्याकडचे सत्येंद्रनाथ बोस, ज्यांनी १९२४ साली ढाक्याहून पाठवलेला निबंध स्वतः आइनस्टाईननं जर्मनमध्ये भाषांतर करून छापायला दिला, त्यांनी १९४८ साली बंगालीतून विज्ञान सांगण्यासाठी परिषद काढली. आणि आपल्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर जन्मभर मराठीत साध्या शब्दांत खगोलशास्त्र सांगत राहिले. यातल्या कुणालाही भाषेसाठी पंधरापैकी चार द्यायची माझी छाती नाही.

कुणी म्हणेल, बाईंची विद्यार्थिनी हरली म्हणून बाई चिडल्या. म्हणून माझं मत उघड सांगते. मला विचाराल तर सर्वश्रेष्ठ भौतिकशास्त्रज्ञ न्यूटन. फॅरडे नव्हे. कारण न्यूटनच्या आधी गतीचे नियम, गुरुत्वाकर्षण आणि ते मांडायला लागणारं गणित या तिन्ही गोष्टी एकत्र कुठंच नव्हत्या, त्या त्यानं जवळजवळ एकट्यानं उभ्या केल्या. प्लेगमुळे केंब्रिज बंद झालं तेव्हा, १६६५-६६ साली, घरी बसून त्यातलं पुष्कळ सुरू केलं. माणूस म्हणून तो मला आवडत नाही. कलनशास्त्र (कॅल्क्युलस) आधी कुणी शोधलं, या जर्मन गणितज्ञ लायब्निट्सबरोबरच्या वादात १७१२ साली रॉयल सोसायटीनं चौकशी समिती नेमली तेव्हा सोसायटीचा अध्यक्ष न्यूटनच होता, आणि अहवालही बहुतांशी त्यानंच लिहिला. जो पक्षकार तोच न्यायाधीश! तरी काम बघून मी त्यालाच पहिला म्हणते. माझ्या नवऱ्याचं मत आइनस्टाईन. ते गेले तोवर आमचं यावर एकमत झालं नाही. स्टाफरूममधले एक सहकारी मॅक्सवेल म्हणायचे, आणि त्यांचं म्हणणं खोडायला मला नेहमी जड जायचं: प्रयोगशाळेत विजेची आणि चुंबकत्वाची मोजमापं घ्यायची, त्यातून एक वेग काढायचा, आणि तो प्रकाशाच्या वेगाशी जुळावा! वीज, चुंबकत्व आणि प्रकाश हे तीन वेगळे विषय मॅक्सवेलच्या १८६५ च्या निबंधात एक झाले. १८७९ साली अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो गेला. त्यानं भाकीत केलेल्या विद्युतचुंबकीय लहरी हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं प्रत्यक्ष दाखवल्या तेव्हा बघायला तो नव्हता. आपल्या गावागावांतले मोबाईल टॉवर त्याच लहरी सोडतात.

माझं मत न्यूटनच्या बाजूचं असूनही फॅरडेसाठी हे पत्र लिहिते आहे, कारण त्या मुलीनं मला विचारात पाडलं. विचारात पाडणं हेच तर वादविवादाचं काम.

पाचवी तक्रार पाटीची. आइनस्टाईनच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर तीन तसबिरी असायच्या: न्यूटन, फॅरडे आणि मॅक्सवेल. ज्या माणसाला तुम्ही एकट्याला भिंतीवर लावणार आहात, त्यानं स्वतःच्या भिंतीवर या तिघांना लावलं होतं. त्यातल्या एकाला तुम्ही विषयाबाहेर काढलंत. शिवाय त्या पाटीखालून जाणाऱ्या आमच्या मुलींना त्या दालनात मेरी क्युरीचं, लिझे माइट्नर या भौतिकशास्त्रज्ञ बाईंचं नाव दिसणार आहे का? चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या ज्या शोधाच्या तारखेला, २८ फेब्रुवारी १९२८ या तारखेला, तुम्ही ही स्पर्धा घेता, त्या रामन यांचंही नाव त्या दिवशी व्यासपीठावरून एकदाच आलं, आभार प्रदर्शनात.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

संगमरवरी पाटीची ऑर्डर थांबवा. आइनस्टाईनचं चित्र लावा, आनंदानं लावा, पण शेजारी न्यूटन, फॅरडे आणि मॅक्सवेल लावा आणि ‘सर्वश्रेष्ठ’ हा शब्द काढा. चित्रांचा खर्च जास्त होतो असं वाटत असेल तर आम्ही माजी विद्यार्थी आणि शिक्षक वर्गणी काढू.

त्या मुलीच्या गुणपत्रकावरचे ‘विषयाबाहेर’ आणि ‘ग्रामीण बोली’ हे दोन्ही शेरे लेखी मागे घ्या. बक्षीस मागत नाही. ज्या मुलाला पहिला क्रमांक मिळाला, त्याचा तो काढून घेऊ नका, तो चांगला बोलला.

सगळ्या नऊ शाळांना एक पत्रक पाठवा आणि व्यासपीठावरून झालेल्या चुका त्यात दुरुस्त करा: गणितात नापास, सापेक्षतेचं नोबेल आणि ‘खोटं पाडलं’. पत्रक लिहून द्यायला मी तयार आहे, एका पानात बसेल.

पुढच्या वर्षीपासून नावं ठरवून देऊ नका. निकष द्या आणि नाव मुलांना निवडू द्या. महिनाभर आधी विषय जाहीर करा, म्हणजे खेड्यातल्या शाळांनाही पुस्तकं मिळवता येतील. प्रयोग दाखवायचा असेल तर दाखवू द्या, विषय भौतिकशास्त्राचा आहे. निकाल टाळ्यांवर लावू नका. ‘भाषा’ या रकान्यात मुद्दा समजला की नाही एवढंच तपासा.

आणि शेवटची मागणी. त्या मुलीला तिची उरलेली चार मिनिटं द्या. येत्या वाचनालय दिनाला, किंवा तुम्ही म्हणाल त्या रविवारी, त्याच सभागृहात, त्याच व्यासपीठावर. परीक्षकांनी पुढच्या रांगेत बसावं, काटा लांबून दिसत नाही.

गॅल्व्हानोमीटर शाळेला परत केलाय, तो पुन्हा मागून आणता येईल. कॉईल आणि चुंबक माझ्या कपाटात आहेत. त्या दिवशी बसमध्ये ती पिशवी तिनं माझ्याकडे दिली आणि म्हणाली, ‘बाई, तुमच्याकडेच ठेवा, दुकानात ठेवली तर पप्पा कुणाच्या तरी मोटरीत घालतील.’ तारीख कळवा. आम्ही दोघी पिशवी घेऊन येतो.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
पश्चिम भाग, बेळगाव तालुका